पाऊणपट वेग

"बाबा, अगदी खरं सांगायचं हं. गाणी कुणाची जास्त छान? माझी की ताईची?"

प्रश्न तिचा नव्हता. तो चष्मिस आणि लंबू या तिच्या दोन मैत्रिणींनी डबा खाताना बनवला होता आणि वर पैज लावली होती, की हिंमत असेल तर आजच्या आज विचार. आम्हाला ऐकू येईल असं विचार. म्हणून तिच्या खिशातला फोन चालू होता आणि दोन घरांमधून दोन कान त्याला चिकटलेले होते. तिला शाळेत सगळे 'भोंगा' म्हणत. मागच्या वर्षापर्यंत ती या नावानं रडायची. या वर्षी वक्तृत्वात पहिली आल्यापासून तिनं ते नाव वहीवर स्वतःच्या हातानं रंगवून लिहिलं होतं. भोंग्याला कसली आलीय भीती? आणि उत्तर तर तिला पाठच होतं.

बाबा मागच्या खोलीत कामाला बसले होते. ते कवळ्या करायचे. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवणार आणि त्या मापावरून बाबा मेणात एकेक दात लावत जाणार. टेबलावर एका रांगेत पाच-सहा जबडे आ वासून बसलेले असायचे. लहानपणी मैत्रिणी ते बघून किंचाळायच्या, भोंगा मात्र त्यांना शाळा-शाळा शिकवायची.

बाबांनी हातातली मेणाची सुरी खाली ठेवली. विचार केला. हेच चुकलं! विचार कशाला करायचा एवढा?

"तुझी गाणी छानच आहेत गं," बाबा म्हणाले. "अंगात वारं येतं. पण ताईचं ते मोठ्या तारवाद्याचं आहे ना, बिनशब्दांचं, ते ऐकलं की… कसं सांगू… हात हलका होतो माझा. तिचंच जास्त आवडतं म्हण."

खिशातून "हाऽऽ" असा आवाज आला. भोंग्यानं फोन मांडीवर दाबून बंद केला.

कोपऱ्यात ताई बसली होती. पायाजवळ पुस्तक, मांडीवर वही. तिनं मान वर करून एवढंच म्हटलं, "काका, असं काही नाही हो. तिची गाणी मलाही आवडतात."

हे तर फारच झालं. जिंकलेल्या माणसानं निदान जरा भाव तरी खावा! म्हणजे भांडता तरी येतं.

ताई म्हणजे मावशीची मुलगी. मावशीची बदली झाली आणि ताईचं परीक्षेचं वर्ष, म्हणून ती वर्षभरासाठी इथे राहायला आली. चार महिने झाले होते, तरी भोंगा मनातल्या मनात तिला 'पाहुणी' म्हणायची. पाहुणी दोनच वर्षांनी मोठी होती, पण बोलायची अशी, जणू शब्द मोजून मिळतात. आल्या आल्या तिनं अर्धं कपाट घेतलं, ते भोंग्यानं दिलं. खिडकीजवळची गादी घेतली, तीही दिली. आई उठता-बसता "जरा ताईकडे बघ" म्हणायला लागली, तेही एका कानानं ऐकून सोडून दिलं. पण मागच्या खोलीतला स्पीकर? तो भोंग्याचा होता. सात वर्षांची असल्यापासून त्या खोलीत काय वाजणार हे तीच ठरवायची.

आणि ते नुसतं मजेसाठी नव्हतं. ते काम होतं.

कवळीचा गुलाबी भाग, म्हणजे हिरड्या, एका पावडरीत लिक्विड कालवून करतात. काचेच्या बरणीत कालवायचं, झाकण लावायचं आणि थांबायचं. आधी ते ओल्या वाळूसारखं असतं. मग त्याला चिकट तार सुटते. मग एक वेळ अशी येते की ते बोटाला चिकटत नाही, मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा होतो. नेमकं तेव्हाच ते साच्यात भरायचं. त्यापुढे दोन-तीन मिनिटं गेली की त्याचं रबर होतं, आणि मग देव जरी आला तरी ते नीट बसत नाही. बाबांच्या पावडरीला झाकण लावल्यापासून नऊ मिनिटं लागत. सगळे लोक याला घड्याळ लावतात. बाबा लावत नसत. "घंटी वाजली की हात दचकतो," ते म्हणत. "गाणं संपलं की हात आपोआप उठतो." म्हणून भोंग्यानं बसून, डोकं लावून, नऊ मिनिटांच्या जोड्या जमवल्या होत्या. तीन-तीन मिनिटांची तीन धमाल गाणी. नाहीतर एक चार मिनिटांचं नाचाचं आणि एक पाचाचं, ज्यात मधे तो माणूस न थांबता एका श्वासात चाळीस शब्द बोलतो. बाबा कामात आणि ती स्टुलावर बसून डोकं हलवतेय. शेवटचा ठोका पडला की दोघं एकदम म्हणायचे, "उघड!" आणि बरणीचं झाकण निघायचं.

आई शेजारच्या मोरीतल्या ओट्यावर पॉलिशची मोटर चालवायची. ती ओरडायची, "माझं गाणं हेच, घर्रऽऽ! तुमची बंद करा जरा!" पण ती चेष्टा होती.

मग एकदा भोंगा सहलीला गेली तीन दिवस. परत आली तर स्पीकरवर पाहुणीचं गाणं. एकच मोठं वाद्य, कुणीतरी ते हळूहळू घासतंय आणि मागे अधूनमधून पियानोचा एखादा थेंब. ना शब्द, ना ठेका. बरोब्बर सव्वानऊ मिनिटांचं. बाबा डोळे अर्धे मिटून ऐकत होते. "अगं, हे ऐकलंस का?" ते तिला म्हणाले, जणू ते गाणं त्यांनीच शोधलं होतं.

त्या दिवसापासून स्टुलावर बसायला तिचं मनच लागेना. पाहुणी कोपऱ्यात अभ्यास करत बसायची आणि भोंगा पुढच्या खोलीत कानात गाणी घालून उगाच मोठमोठ्यानं गायची. कुणी विचारायला आलं नाही.

आणि आता हे! भर फोनवर, मैत्रिणींसमोर!

दुसऱ्या दिवशी वर्गात जायची सोय राहिली नाही. लंबू हातानं हवेत वाद्य घासत, डोळे मिटून तिच्या मागून चालली. "हात हलका होतो गं माझा," चष्मिस म्हणाली. भोंगा हसली, कारण हसणं भाग होतं, पण आत असा जळफळाट चालला होता की विचारू नका.

"त्याला गाणं तरी म्हणायचं का?" ती म्हणाली. "झोपेचं औषध आहे ते. मी सांगते, त्याचा वेग कमी केला ना, तरी कुणाला कळणारसुद्धा नाही. मुळात ते पुढे सरकतंय कुठे?"

"करून दाखव," लंबू म्हणाली.

"पैज?"

"पैज."

झालं. गुरुवारी दुपारी शाळेतून आल्यावर भोंग्यानं सरळ मागच्या खोलीत जाऊन स्पीकरला जोडलेला जुना फोन उचलला. त्यात गाण्याच्या खाली वेगाचं एक बटण असतं. तिनं ते पाऊणपटावर नेलं. आवाज जाड होत नाही, गाणं नुसतं लांबत जातं, ताणलेल्या इलॅस्टिकसारखं. फोन जागेवर ठेवून ती दाराशी उभी राहिली.

बाबांनी बरणीत पावडर कालवली, झाकण लावलं, कोपरानंच गाणं सुरू केलं. वाद्य घासू लागलं. हळू. आणखी हळू. बाबांनी डोळे अर्धे मिटले. पाहुणीनं एकदा वहीतून मान वर केली, स्पीकरकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. भोंग्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटत होतं. पाहुणीनं मान खाली घातली.

कळलं नाही! कुण्णाला म्हणून कळलं नाही! भोंगा तोंडावर हात दाबून अंगणात पळाली आणि तिथून तिनं दोघींना संदेश पाठवला, त्यात नुसतं खिदळणंच जास्त होतं. बऱ्याच वेळानं, गाणं संपल्यावर, खोलीतून बाबांचा आवाज आला, "आज जरा घट्टच लागतंय गं हे. डबा जुना झाला वाटतं पावडरीचा." आई काहीतरी म्हणाली. मोटर सुरू झाली. भोंगा तोवर लंबूचं उत्तर वाचत होती.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्या दुनियेत हिलाच तर माहीत होतं की ते गाणं म्हणजे घड्याळ आहे. खरंय. पण मत्सर डोक्यात शिरला की तो आधी हिशेबाची जागा बळकावतो. दोन महिने ती स्टुलावर बसलेली नव्हती. तिच्यासाठी ते गाणं आता घड्याळ उरलंच नव्हतं, ते फक्त पाहुणीचं होतं.

शनिवारी सकाळी वकीलबाई आल्या.

गुरुवारी बाबांनी भरलेली वरची पूर्ण कवळी त्यांचीच होती. तीन आठवडे त्या बिनदातांच्या होत्या, आणि कोर्टात दम देणारी बाई तोंड उघडून कुणासमोर बोलेल तर शपथ. तोंडावर रुमाल आणि हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. डॉक्टरांनी आदल्या संध्याकाळी कवळी बसवून पाहिली आणि थेट बाबांकडे पाठवलं. वकीलबाईंनी कवळी तोंडात बसवली, रुमाल काढला, आणि दात मिटायचा प्रयत्न केला. मागचे दात टेकले. पुढचे टेकलेच नाहीत. मधे फट राहिली, बोट जाईल एवढी. काहीतरी बोलायला गेल्या तर शिट्टी वाजली.

त्यांनी चिठ्ठी लिहिली. "मंगळवारी माझी केस आहे. समोरच्या वकिलाला हे फार आवडेल."

बाबा हसले नाहीत. त्यांनी कवळी हातात घेतली, उजेडात धरली, कडेवरून बोट फिरवलं. चावा वर आला होता, म्हणजे दात हवे त्यापेक्षा उंच बसले होते. गुलाबी भागात बारीक बारीक भोकं होती, सुई टोचल्यासारखी.

"भरताना उशीर झाला माझ्याकडून," बाबा म्हणाले. "चूक माझी आहे. सोमवारी संध्याकाळी नवीन देतो. पैसे घेणार नाही."

वकीलबाईंनी दुसरी चिठ्ठी लिहिली. "बावीस वर्षं तुमचं नाव ऐकतेय. होतं कधी कधी." आणि रुमाल तोंडावर घेऊन गेल्या.

भोंगा पाण्याचा पेला हातात घेऊन उभी होती. तो वकीलबाईंसाठी आणला होता. पाऊणपट. नऊचे बारा. आकडा तिच्या डोक्यात असा पडला, जसा वरून पाट पडावा. सव्वानऊ मिनिटं पाऊणपट वेगानं म्हणजे बारा मिनिटांच्या वर. बरणीत रबर झालं होतं.

सांगावं, असं तिला लगेच वाटलं. तोंडही उघडलं. भोंग्याचं तोंड, आणि त्यातून आवाज निघेना.

कारण बाबा आईला म्हणत होते, "माझ्या हाताला कळलं नाही गं. घट्ट लागत होतं, तरी मी भरलं. मी म्हटलं डबा जुना. डबा मागच्याच आठवड्यात आणलेला आहे."

"एकदा झालं म्हणून काय…"

"मला ज्यांनी काम शिकवलं, त्यांचं असंच झालं होतं. आधी एक कवळी बिघडली. मग दोन. त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही, की बोटांना कळेनासं झालंय. लोक तोंडावर हसायचे नाहीत एवढंच." बाबांनी हात पुसले, सावकाश, एकेक बोट. "डॉक्टरांना सांग, पूर्ण कवळ्या आता दुसरीकडे द्या. ही एक करून देतो. पुढे मी डागडुजी करीन. तुटलेला दात, चीर गेलेली कवळी. तेवढं जमेल."

आईनं त्या दिवशी मोटर लावली नाही.

आणि मग सगळ्यात वाईट गोष्ट घडली. दुपारी बाबांनी भोंग्याला हाक मारली. "ये गं. तुझंच काहीतरी लाव. ते संथ गाणं नको. त्यानं गुंगी येत असेल मला."

स्टूल रिकामं होतं. कोपरा रिकामा होता, पाहुणी वही घेऊन आपण होऊन उठली होती. स्पीकर परत तिचा झाला होता! भोंग्यानं तिचं सगळ्यात आवडतं गाणं लावलं, ते एका श्वासात चाळीस शब्दांचं. बाबा एका तुटक्या कवळीला दात चिकटवत बसले. त्यांनी एकदाही डोकं हलवलं नाही. गाणं संपलं तेव्हा "उघड" म्हणायला समोर काही नव्हतंच.

तिला वाटलं होतं, स्पीकर परत मिळाला की कसं थंडगार वाटेल. तिनं स्पीकर बंद केला आणि ती पाहुणीला शोधायला निघाली.

पाहुणी गच्चीच्या पायरीवर सापडली. भोंगा तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुला कळलं होतं ना? गुरुवारी?"

"हो," ताई म्हणाली. "पहिल्या अर्ध्या मिनिटातच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू दारात हसत होतीस. मला वाटलं तुमची गंमत चाललीय, काकांची नि तुझी. मी मधे कशाला पडू?"

"आणि ती बरणी? ती दिसली नाही तुला?"

"बरणीचं काय?"

भोंग्याचे हात कमरेवरून खाली आले.

"तुला माहीत नाही?"

"काय?"

"बाबा गाण्यावर वेळ मोजतात ते. गाणं संपलं की झाकण उघडायचं."

ताईच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. "नाही," ती हळूच म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही. मला वाटायचं, त्यांना नुसतं आवडतं म्हणून ते लावतात." मग तिनं वहीचा कोपरा दुमडला, उलगडला. "म्हणजे ते फक्त तुम्हा दोघांचं होतं तर."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, आणि भोंग्याला ते ओळखायला वेळ लागला नाही. चार महिने ती रोज तेच तर गिळत होती. ताईला हेवा वाटत होता! ताईला! तिचे बाबा तिकडे दूर बदलीच्या गावी. फोनवर पाच मिनिटं बोलणार, त्यातली तीन अभ्यासाची. आणि दोन महिने जिच्या कोपऱ्याकडे बघून भोंगा जळत होती, ती त्या कोपऱ्यातून स्टुलाकडे बघत होती.

बाबांनी ताईच्या गाण्याला जागा दिली होती, ताईला दादही दिली होती. घड्याळ दिलं नव्हतं. बावीस वर्षांच्या कामातलं ते एक गुपित त्यांनी एकाच माणसाच्या हातात ठेवलं होतं आणि त्या माणसानं, पैजेसाठी, त्याचे काटे फिरवले होते.

"मी काकांना काही सांगणार नाही," ताई म्हणाली. "तू काळजी करू नकोस."

झालं ना! परत मोठेपणा! आता जन्मभर ही बया हे पोटात ठेवून, शहाण्यासारखी गप्प बसून राहणार, आणि भोंग्यानं तिच्यासमोर मान खाली घालून फिरायचं. त्यापेक्षा बोललेलं परवडलं. खरं कारण तेवढंच नव्हतं, बाबा एकेक बोट पुसत होते ते डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. पण पायात बळ आलं ते रागानंच, हे मात्र खोटं नाही.

ती दाणदाण जिना उतरली. आई-बाबा स्वयंपाकघरात चहा घेत बसले होते. बाबांच्या हातात डॉक्टरांचा नंबर असलेली चिठ्ठी होती.

"फोन करू नका," ती म्हणाली.

"का गं? काय झालं?" आईनं कप खाली ठेवला.

"हाताला काही झालेलं नाही. गाणं मी लांबवलं होतं. गुरुवारी. पाऊणपट वेगानं. तुम्ही बारा मिनिटांनी झाकण उघडलंत आणि तरी तुमच्या हाताला कळलं होतं. घट्ट लागतंय असं म्हणालात तुम्ही, मी ऐकलं."

आईचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. "कशासाठी?" तिनं विचारलं. "अगं पण कशासाठी?"

"पैज होती. आणि बाबांना तिचं जास्त आवडतं म्हणून."

बाबांनी आपला उजवा हात टेबलावर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे असे पाहत राहिले, जणू कुणीतरी तो हरवलेला आणून दिला होता. रागावले का नाही, तिला कळेना. रागावले असते तर बरं झालं असतं. दारात पावलं वाजली, ताई येऊन उभी राहिली होती.

"आणि मी ठरवलंय," भोंगा म्हणाली, आवाज चढवून, कारण खालच्या आवाजात तिला रडू आलं असतं. "विचारत नाहीये, सांगतेय. आत्ता मी वकीलबाईंच्या घरी जाणार आणि त्यांना सांगणार की चूक कुणाची होती. त्यांनी काय लिहायचं ते चिठ्ठीवर लिहू दे. मग डॉक्टरांकडे जाणार आणि त्यांनाही सांगणार, की कवळ्या इथेच पाठवा. सोमवारी शाळेला जाणार नाही, बरणीपाशी बसणार, तुम्ही म्हणाल ते गाणं लावून. तिचं म्हणालात तर तिचं. मला ते अजूनही आवडत नाही. आणि ताईनं माझ्याबरोबर यायचं नाही. चप्पल घालू नकोस गं तू. मी एकटी जाणार आहे."